कोऱ्या जागेभोवतीच्या रेषा

मला गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात हे दुखणं फक्त माझ्याच वाट्याला आलंय. आई म्हणजे आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांच्या भजनाची म्होरकी. श्रीरामपूरपासून थोडं आत, उसाच्या शेतांमध्ये आमचं गाव, आणि गावात एक दगडी चर्च. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात, म्हणून मीही देऊळच म्हणते. लहानपणी मी आईशेजारी सतरंजीवर बसून गायला तोंड उघडलं, की ती झांज वाजवता वाजवता मला कोपराने ढोसायची. एकदा तिने सरळच सांगितलं, "बाई, तू आपले नुसते ओठ हालव." मी ओठ हलवत राहिले आणि हळूहळू गणिताकडे सरकले. आता नगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि केडगावात राहते. शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाटीवरही तेच आहे, पण कंडक्टरच्या आणि माझ्या तोंडून अजून नगरच निघतं.

आईचे कान गेली काही वर्षं हळूहळू जात होते. कानाचं यंत्र आणून दिलं, पण देवळातले पंखे सुरू झाले की ते यंत्र नुसतं घरघरतं, मधेच शिट्टी मारतं. आईने ते सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवून दिलं. ऐकू कमी आलं तरी तिचं गाणं चालू होतं, कारण भजनं तिला तोंडपाठ होती आणि पेटीवाल्या काकांचे हात समोर दिसायचे.

मग सुगीच्या सणाला ते झालं. मी तिथे नव्हते, वहिनीने फोनवर सांगितलं. त्या दिवशी देऊळ भरलेलं होतं. शेतातलं पहिलं पीक, कोंबड्या, केळीचे घड, सगळं वेदीपुढे आणून ठेवलेलं. भजन रंगलं आणि आईने नेहमीसारखे डोळे मिटले. बाकी सगळ्या बायका थांबल्या, पेटी थांबली, तबला थांबला. आई मात्र थांबली नाही. आख्खं ध्रुवपद ती एकटीच गायली, झांजेसकट. मागच्या बाकावरची पोरं खुदकन हसली. आईने डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि झांजा खाली ठेवल्या.

"त्या दिवसापासून देवळात येत न्हाईत," वहिनी म्हणाली. "रविवारी आमाला सांगतात, तुमी जावा, माझे गुडघे दुखत्यात. गुडघे काय दुखत न्हाईत त्यांचे. शेजारच्या मळ्यात मेथी आणायला बरोबर जातात."

भजनातल्या बायका बोलवायला आल्या होत्या म्हणे. आईने त्यांना चहा पाजला, सगळ्यांच्या सुनांची चौकशी केली आणि वाटेला लावलं. मी पुढच्या शनिवारी गेले आणि विचारलं, तर मलाही गुडघेच ऐकवले. खूप मागे लागल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्यावाचून काय आडतंय तिथं? माझी जागा घेतली आसंल कुणीतरी. घ्यावीच. आता त्यांचा काळ हाय."

मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते. माझा स्वभावच असा आहे. दुसरं कुणी असतं तर आईच्या गळ्यात पडलं असतं. मी परतीच्या एसटीत, उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रांगत असताना, ठरवून टाकलं की हा प्रश्न मोजून सोडवायचा.

माझं म्हणणं सरळ होतं. देवळात सगळीकडे सारखं ऐकू येत नाही. कुठे पंखा, कुठे खांब, आणि दोन कर्ण्यांपैकी एकच चालू. कुठेतरी एखादी जागा अशी असणारच जिथे बसलं तर आईला नीट ऐकू येईल. ती जागा शोधायची तर आवाजाचा नकाशा काढायचा. शाळेच्या भूगोलात डोंगराचा नकाशा असतो तसा. एकात एक वळसे, आणि एका वळशावरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीच्या. उंचीच्या ऐवजी आवाज घ्यायचा, एवढाच फरक. आम्ही त्याला कंटूर म्हणतो. मुलांना मी दर वर्षी शिकवते, खत किती आणि पाणी किती दिलं तर पीक किती, अशा कोरड्या उदाहरणांनी. स्वतःच्या माणसासाठी कधी काढला नव्हता.

आमच्या देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तरुण आणि उत्साही. मी सांगितलेलं त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण शनिवारी सकाळी देऊळ उघडून, माइक लावून, रविवारसारखे सगळे पंखे सुरू करून तयार राहिले.

"ताई, काय वाचू?"

"सारख्या आवाजात वाचता येईल असं काहीतरी वाचा. फार रंगात येऊ नका."

त्यांनी थोडा विचार केला आणि बायबलातल्या वंशावळी काढल्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. मी प्रत्येक बाकावर गीतांच्या पुस्तकांची चळत रचायची, बसलेल्या माणसाच्या कानाइतकी उंच, त्यावर मोबाईल ठेवायचा आणि आवाज किती ते बघून पुढच्या बाकाकडे जायचं. बायकांची बाजू झाली, मधली वाट ओलांडून पुरुषांची बाजू सुरू केली, तोवर पाळकसाहेबांच्या पिढ्यांवर पिढ्या जन्मून गेल्या होत्या. शेवटी शेवटी त्यांनाही सुचेना कुठे थांबायचं, आणि न रंगण्याचं वचन मोडून ते चांगले रंगात आले. मला ती शेवटची रांग पुन्हा मोजावी लागली. त्यांनी आनंदाने पुन्हा पिढ्या सुरू केल्या. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

केडगावला येऊन आकडे भरले आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, काढ. त्याने काढलं. आमचं देऊळ कुशीवर झोपलं होतं. मी बाकांच्या रांगा जशा मांडल्या तशाच दिल्या होत्या, पण या प्रोग्रामला रांग म्हटली की ती तो आडव्या अक्षावर नेतो. त्यामुळे वेदी गेली उजवीकडे आणि दार आलं डावीकडे. शिवाय त्याला चौकोन भरायची भारी हौस, म्हणून लांबट देऊळ ताणून चौरस केलेलं. ते उभं केलं, लांबीरुंदीचं प्रमाण बांधून दिलं, तेव्हा कुठे ते आमचं देऊळ दिसायला लागलं. बाकांच्या जागी फिकट पट्ट्या काढल्या, दारं दाखवली, खांब दाखवले, जिथे पेटी असते तिथे एक चौकट काढली.

मग रेषांचा प्रश्न आला. आधी त्याने आपल्या मनाने इतक्या रेषा काढल्या की सतरंजीची दशी सुटल्यासारखा गुंता झाला. मी त्या कमी केल्या. प्रत्येक रेषेवर तो आवाजाचा आकडा लिहितो, आणि नेमका असा की रेषा मधेच तुटते आणि दोन आकडे एकमेकांच्या डोक्यावर बसतात. ते सारखे केले आणि मग मनात आलं, आईला या आकड्यांचं काय? तिला डेसिबल म्हणजे काय हे सांगत बसायचं का? म्हणून आकडे काढून टाकले आणि रेषांवर शब्द लिहायचं ठरवलं. आतल्या रेषेवर 'स्वच्छ', मग 'बरं', मग 'कान देऊन', आणि सगळ्यात बाहेर 'नुसती पुटपुट'.

मराठी शब्द दिले आणि प्रोग्रामने अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन काढून दाखवले. दुसरा फॉन्ट दिला तर चौकोन गेले, पण वेलांट्या आपल्या अक्षराला सोडून शेजारच्याकडे नांदायला गेल्या. त्या वळणावर आणण्यात रविवारची दुपार गेली. रंगाचंही तसंच झालं. आधीचा भडक तांबडा-पिवळा बघून वाटलं देवळाला आग लागलीय. मी हिरवा घेतला, मोठ्या आवाजाला गडद आणि बारीक आवाजाला फिका, उसाच्या शेतासारखा. वर शीर्षक दिलं, 'देवळात कुठे किती ऐकू येतं'. आणि सगळ्यात गडद जागी एक बाण काढून लिहिलं, 'आई, इथे बस'. स्वतःवर मी इतकी खूश झाले की सहकाऱ्यांनाही तो दाखवला.

आई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिने हात पुसले, चष्मा लावला, वाकून बघितलं.

"हे काय गं? कांदा चिरलाय का?"

"आई, हे आपलं देऊळ आहे."

"देऊळ?" तिने मान तिरकी केली. मी मोठ्याने, ओठ दिसतील असं बोलत सगळं समजावलं. ही वेदी, हे दार, या बायका, हे पुरुष. गडद तिथे जास्त ऐकू येतं. आईला एकदा कळलं आणि मग तिला भलताच रस आला. बोट लसणाचं, ते स्क्रीनवर टेकवून ती एकेक बाक विचारायला लागली. हा दाराजवळचा बाक का, इथं आपली सुईनबाई बसते. इथं ती पोस्टमनची बायको, तिला पुटपुटच येती व्हय? बरंच हाय, तिला उपदेशात झोपच येती. हा खांबामागचा बाक कुणाचा, तर पाळकाला तोंड दाखवायचं नसेल त्यांचा. मी बसून हसत होते आणि ती सांगेल तसं बाकांवर लिहीत होते. नकाशा असा भरत गेला की माझ्या सहकाऱ्यांनी बघितला असता तर कपाळाला हात लावला असता. पण मला तो आता जास्त आवडायला लागला होता.

मग तिचं बोट बाणापाशी आलं.

"हे तर बाप्यांच्या बाजूला हाय."

"हो. त्या बाजूचा कर्णा चालू आहे ना. तिसरा बाक, खांबाला लागून. तिथे सगळ्यात स्वच्छ येतं."

"मी बाप्यांत जाऊन बसू?" आईने चष्मा काढला. "लगीन होऊन आल्यापास्नं डाव्या हाताला बसले. आता म्हातारपणी तिकडं जाऊन बसू? आन् ते बी तुझ्या या कांद्यासाठी?"

"आई, नगरच्या चर्चमध्ये सगळे एकत्र बसतात."

"नगरचं नगरला."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, इतकी मेहनत केली, पाळकसाहेबांनी घसा कोरडा केला, आणि तुला बाजूचं पडलंय. उपदेश ऐकायचाय का डावी बाजू सांभाळायचीय? मी नको तितक्या जोरात बोलले असणार, कारण वहिनी आतून डोकावून गेली.

आई शांतपणे पुन्हा लसणाकडे वळली. दोन पाकळ्या सोलून म्हणाली, "उपदेशाचं काय घेऊन बसलीस? न्हाई आला ऐकू तर देव समजून घेईल. मला गाणं कुठं थांबतं ते कळाय पायजे. बाया कुठं थांबत्यात ते. ते हाय का तुझ्या नकाशात?"

ते नव्हतं. मी माइकचा आवाज मोजला होता. आईला हवा होता तो आवाज मी मोजलाच नव्हता.

मी पुन्हा हट्टाला पेटले. बायकांची सभा बुधवारी दुपारी असते, तेव्हा माइक नसतो, नुसतं भजन चालतं. मी कॉलेजातून रजा काढली. आईला सांगितलं नाही. वहिनी त्या वेळी शाळेत शिकवायला गेलेली असते. एकटीच थेट देवळात गेले.

बायका वेदीपुढे डावीकडे सतरंजी टाकून बसल्या होत्या, पेटीवाले काका त्यांच्या समोर. मला बघून सगळ्यांनी मंडळीतल्या रीतीने "सलाम, सलाम" केलं, आईची विचारपूस केली. मी मोबाईल दाखवून सांगितलं की तुम्ही गा, मी नुसती मोजत फिरेन. त्यांनी सुरुवात केली. भजनाची एक सोय असते, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं. दर ध्रुवपदाला मी एक जागा मोजत गेले. बाकांवर मोजलं, मग सतरंजीवर बायकांच्या मधून, गुडघ्यावर सरकत. बायका गाता गाता पदर आवरून मला वाट देत होत्या आणि एकमेकींकडे बघून हसत होत्या.

सतरंजीच्या टोकाला, पेटीला लागून, एक जागा रिकामी होती. दाटीवाटीने बसल्या होत्या सगळ्या, तरी तेवढी मोकळी. तिथे सुतळीने एकत्र बांधलेल्या दोन झांजा ठेवलेल्या. मी तिथे मोबाईल ठेवायला गेले तर शेजारच्या मावशींनी गाणं न थांबवता माझा हात धरला. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "तिथं नको गं ठेवू."

"का? कुणी येणार आहे का?"

"कुणी म्हंजी? तुझ्या आईची जागा हाय ती."

"पण आई तर येत नाही, मावशी."

"न्हाई येत. म्हणून काय दुसरीनं बसायचं?" मावशी म्हणाल्या, जसं काही मी त्यांच्या चुलीवर चप्पल घालून चढले होते. "रविवारी बी ठेवतो आमी तशीच. झांजा पुसून ठेवतो. आमाला बी कुठं थांबायचं ते तिच्याकडं बघूनच कळायचं. आता पेटीवाल्याच्या तोंडाकडं बघत बसावं लागतंय."

पेटीवाले काका पेटीवर मान झुकवून हसले. मी विचारलं, हे आईला कुणी सांगितलं का? बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सांगायचं काय त्यात, असा त्यांचा चेहरा होता. बोलवायला गेलो होतो की, चहा पिऊन आलो. मला त्यांना मिठी मारावी असं वाटलं आणि मी मोबाईलमध्ये तोंड घातलं, कारण डोळे भरून आले होते आणि त्या बायकांना ते दिसलं असतं तर उरलेली सभा माझ्यासाठी प्रार्थना करण्यात गेली असती.

त्या जागेचा आकडा मला मिळालाच नाही. बाकी सगळे मिळाले.

केडगावला आकडे भरले. तेवढी एक जागा मोकळी. अशा वेळी काय करतात ते मी मुलांना शिकवते. आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला अंदाज काढायचा. प्रोग्राम तो क्षणात काढून देतो, रेषा मग सुरळीत वळत जातात, कुणाला कळतही नाही की इथे काही मोजलेलं नव्हतं. मी तसं करून बघितलं. नकाशा देखणा आला. आईच्या जागेवरून एक रेषा सरळ निघून गेली, जणू तिथे कधी कुणी नव्हतं. ते मला बघवलं नाही. मी अंदाज पुसून टाकला आणि त्या जागी आकडा नाही असंच नोंदवलं. मग प्रोग्रामने ती जागा कोरी सोडली. आजूबाजूच्या हिरव्या रंगात एक पांढरा ठिपका. सगळ्या रेषा त्याच्यापर्यंत येऊन थबकल्या होत्या.

असं कोरं राहिलं की बाजूला 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहायची रीत आहे. मी तसं लिहिलं आणि काढून टाकलं. उपलब्ध नाही कसं? चांगली उपलब्ध होती. त्या जागी दोन बारीक गोल काढले, झांजांचे. बाण काढला. आणि लिहिलं, 'आईची जागा. इथे कुणालाही बसू देत नाहीत.' वेलांट्या या वेळी पहिल्याच फटक्यात नीट बसल्या.

या वेळी लॅपटॉप नेला नाही. कॉलेजाजवळच्या दुकानातून मोठा रंगीत कागद छापून घेतला. शनिवारी आईच्या हातात दिला. आता तिला नकाशा वाचता येत होता. वेदी कुठे, दार कुठे, हे तिने आपलं आपण बघून घेतलं. सुईनबाई, पोस्टमनची बायको, सगळ्या आपापल्या बाकांवर होत्याच. मग बोट सतरंजीवर आलं.

"हे पांढरं काय सुटलंय? शाई संपली का?"

"वाच ना."

आई गीतांच्या पुस्तकातल्यासारखं एकेक अक्षर जोडून वाचते. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"मावशींनी. मला मोबाईलही ठेवू दिला नाही तिथे. हात धरला माझा. रविवारीसुद्धा तशीच ठेवतात, म्हणाल्या. तुझ्या झांजा पुसून."

आईने कागद मांडीवर ठेवला आणि त्या पांढऱ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली, जसा ती पोळपाटावरचं पीठ पुसते तसा. तिला रडू येत होतं आणि तिला ते आवडत नव्हतं. मी तिच्या शेजारी सरकले. खरं तर इथे मला गळ्यात पडता आलं असतं. पण आईच म्हणाली, "येड्या हायेत या बाया. एवढी दाटी आसती सतरंजीवर, आन् जागा आडवून ठेवली." आणि पदराने नाक पुसलं. मग आत वहिनीला हाक मारली, उद्यासाठी निळं पातळ काढून ठेव म्हणून. गुडघ्यांचं नाव कुणी काढलं नाही.

रविवारी आम्ही देवळात शिरलो तेव्हा भजन सुरू व्हायचं होतं. आई मधल्या वाटेने चालत सतरंजीपर्यंत गेली. कुणी उठलं नाही, मावशींनी फक्त आपला गुडघा जरा आत घेतला. आई बसली, झांजांची सुतळी सोडली, एक झांज पालथी करून बघितली, नीट पुसलीय का म्हणून. मी तिच्या अगदी मागे, पहिल्या बाकावर बसले. मोबाईल पर्समध्ये होता. तो पांढरा ठिपका आज भरता येईल असा हिशेब करूनच मी आले होते.

भजन सुरू झालं. आईने पहिल्या कडव्याला डोळे उघडे ठेवले, काकांच्या हातांवर. दुसऱ्याला ठेवले. तिसऱ्याला ते मिटले. मला कळलं आता काय होणार. तसंच झालं. शेवटचं ध्रुवपद झालं, काकांनी हात उचलले, तबला थांबला, बायका थांबल्या. आई पुढे गेली. तिचा एकटीचा आवाज आणि झांज, भरलेल्या देवळात.

एकच क्षण गेला असेल. मग मावशींनी तिच्यात सूर मिसळला. मग तिच्या पलीकडचीने, मग सगळ्यांनी. काकांनी उचललेले हात पुन्हा पेटीवर टेकवले, जसं काही ते नुसते घाम पुसायला उचलले होते. मागची पोरं हसली नाहीत, त्यांना हसायला जागाच मिळाली नाही. पुरुषांच्या बाजूनेही आवाज आला. पाळकसाहेब तर टाळ्याच वाजवत होते. सगळं देऊळ ते ध्रुवपद पुन्हा एकदा, पूर्ण गायलं. आईने डोळे उघडले तेव्हा सगळ्यांची तोंडं हलत होती. तिने शेवटचा ठोका दिला आणि सगळे तिच्याबरोबर थांबले.

घरी आल्यावर आईने नकाशा भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावायला लावला. खाली उभी राहून, मान वर करून बघत राहिली.

"आज मोजलंस का?" तिने विचारलं. "ते पांढरं भरशील ना आता?"

"नाही मोजलं."

"का? त्यासाठीच आलीवतीस ना? मग काय करत हुतीस तिथं बसून?"

मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले, ओठ दिसतील अशी, आणि मोठ्याने सांगितलं, "शेवटी मीही गात होते."

"तरीच," आई म्हणाली. "माझ्या मागनं कुणीतरी बेसूर गात हुतं. मला चांगलं ऐकू आलं."